एक्सऑर गेट ब्रेडबोर्डवर जोडून समजून घ्या: नवीन लोकांसाठी

अँड, ऑर, नॉट हे तीन गेट बहुतेकांना पहिल्याच दिवशी कळतात, एक्सऑरला मात्र गाडी अडते, आणि मग ट्रुथ टेबल पाठ करून परीक्षा दिली जाते पण सर्किटमध्ये हा गेट कुठे आणि का टाकायचा ते शेवटपर्यंत कळत नाही. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरांचं हे फार होतं. म्हणून इथे टेबलपासून सुरू करू, पण लगेच हातात आयसी घेऊ. एकच गोष्ट डोक्यात बसली पाहिजे, की एक्सऑरकडे दोन प्रकारे बघता येतं. एक, दोन इनपुट वेगळे आहेत का ते सांगणारा गेट, आणि दोन, हवं तेव्हा उलटं करणारा नॉट गेट. दुसरी नजर आली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आधी टेबल, एकदाच

इनपुट ए आणि बी, आउटपुट वाय.

०, ० दिले तर ०
०, १ दिले तर १
१, ० दिले तर १
१, १ दिले तर ०

पहिल्या तीन ओळी ऑर गेटसारख्याच आहेत, फरक फक्त शेवटच्या ओळीत. ऑर म्हणतो निदान एक तरी १ पाहिजे, दोन्ही असले तरी चालेल. एक्सऑर म्हणतो दोघांपैकी एकच पाहिजे. सूत्रात लिहायचं तर वाय = ए·बी′ + ए′·बी, म्हणजे ए आहे आणि बी नाही, किंवा ए नाही आणि बी आहे. चिन्ह ⊕, गोलात अधिक. ड्रॉइंगमध्ये ऑर गेटच्या मागच्या बाजूला अजून एक वक्र रेघ मारली की झाला एक्सऑर, आणि पुढे गोल टिंब दिलं की एक्सनॉर, तो बरोबर उलटा, दोन्ही सारखे असले की १ देतो.

घरातलं उदाहरण म्हणजे जिन्यातला दिवा. एक बटण खाली एक वर, दोन्ही टू-वे, कुठलंही एक बटण दाबलं की दिव्याची आत्ताची स्थिती बदलते. खालून लावून वर जाऊन बंद करता येतो तो याच लॉजिकवर. वायरमनने कसं जोडलंय त्यावर ते एक्सऑर असेल किंवा एक्सनॉर, पण मुद्दा तोच: कुठलाही एक इनपुट हलला की आउटपुट हमखास हलतो. अँड आणि ऑरमध्ये असं होत नाही, तिथे एक इनपुट दुसऱ्याला दाबून टाकू शकतो, म्हणजे अँडच्या एका पायाला ० दिला की दुसऱ्या पायावर काहीही करा, आउटपुट ढिम्म हलत नाही. एक्सऑरमध्ये कोणी कोणाला दाबत नाही.

सामान

आयसी घेताना नीट बघून घ्या, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. पाहिजे तो ७४एचसी८६, चौदा पायांचा, आत चार एक्सऑर गेट, प्रत्येकाला दोन इनपुट. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं "७४८६ द्या" म्हणालात तर ७४एलएस८६ सुद्धा हातात येऊ शकतो. तोही चालतो पण त्याचे नखरे वेगळे, ते खाली सांगतो. डीआयपी पॅकेज (दोन रांगांत सरळ पाय असलेलं) सांगून घ्या, ब्रेडबोर्डमध्ये तेच बसतं, एसएमडी (बोर्डावर वरूनच सोल्डर करायचा छोटा प्रकार) घेतला तर नुसता बघत बसावा लागेल.

बाकी: ब्रेडबोर्ड, जंपर वायर, दोन पुश बटणं, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १ किलोओहमचा एक, लाल एलईडी, आणि १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. सप्लायसाठी तीन पेन्सिल सेल, ४.५ व्होल्ट. एचसी फॅमिली २ ते ६ व्होल्टवर चालते त्यामुळे सेल थोडे उतरले तरी अडत नाही. एलएस असेल तर मात्र ४.७५ ते ५.२५ व्होल्टच पाहिजेत, म्हणजे ७८०५ (५ व्होल्ट काढून देणारा रेग्युलेटर) लावून किंवा मोबाईल चार्जरचे ५ व्होल्ट. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावू नका, दोन्हीपैकी कुठलाही आयसी मरेल.

जोडणी

आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवा बसवा, सात पाय अलीकडे सात पलीकडे. खोबण म्हणजे नॉच डावीकडे ठेवलीत की खालच्या रांगेतला सगळ्यात डावा पाय १, तिथून उजवीकडे ७ पर्यंत, मग वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ८ ते १४. घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं, हे सगळ्याच डीआयपी आयसींना लागू.

१४ नंबरला प्लस, ७ नंबरला मायनस. कपॅसिटर १४ आणि ७ च्या जितका जवळ बसेल तितका जवळ लावा. पहिल्या प्रयोगात तो नसला तरी एलईडी लागेल, पण पुढे दोन-तीन आयसी झाले की त्याच्याशिवाय अशा विचित्र गोष्टी होतात की दिवस जातो शोधण्यात, त्यामुळे सवय आत्ताच लावा.

गेट असे आहेत: १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. ४ आणि ५ इनपुट, ६ आउटपुट. ९ आणि १० इनपुट, ८ आउटपुट. १२ आणि १३ इनपुट, ११ आउटपुट. आपण पहिला गेट वापरू. पाय १ वरून १० किलोओहम मायनसला, आणि पाय १ वरूनच बटण प्लसला. पाय २ ला तसंच. बटण सोडलेलं असताना रेझिस्टर पायाला खाली ओढून ठेवतो म्हणजे ०, दाबलं की १. पाय ३ वरून १ किलोओहम, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेल्या अडीच व्होल्टला १ किलोओहम म्हणजे अडीच मिलीॲम्प, आयसीला काहीच त्रास नाही आणि एलईडी व्यवस्थित दिसतो.

आता उरलेले गेट. पाय ४, ५, ९, १०, १२, १३ हे इनपुट मायनसला जोडून टाका, आणि ६, ८, ११ हे आउटपुट मोकळे सोडा. आउटपुट चुकूनही मायनसला किंवा प्लसला नाही. हे नुसतं पुस्तकी नाही हां, एचसीचा इनपुट मोकळा ठेवला की तो अँटेनासारखा वागतो. खात्री करायची असेल तर पाय २ चा रेझिस्टर क्षणभर काढा आणि बोट नुसतं वायरजवळ न्या, एलईडी फडफडताना दिसेल, कधी अर्धवट उजेड देईल. आयसी खराब नाहीये, इनपुटला ० की १ तेच कळत नाहीये.

चार पायांच्या छोट्या बटणांचं एक लक्षात ठेवा, त्यातले दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात आणि बटण नव्वद अंशात फिरवून बसवलं तर न दाबताच १ मिळत राहतो. तिरपे समोरासमोरचे दोन पाय वापरले की हा प्रश्नच येत नाही.

दाबून बघा

काहीच नाही दाबलं, एलईडी बंद. डावं दाबा, लागतो. उजवं दाबा, लागतो. आता डावं दाबून धरा आणि उजवं दाबा, विझतो. हा शेवटचा प्रकार हाताने करून बघितला की टेबलची चौथी ओळ परत कधी विसरत नाही. मल्टीमीटर असेल तर पाय ३ वर मोजा, चालू असताना सप्लायच्या अगदी जवळ, बंद असताना जवळजवळ शून्य. मधलंच काहीतरी येत असेल, दोन-अडीच व्होल्ट वगैरे, तर कुठला तरी इनपुट मोकळा आहे किंवा कुठला तरी आउटपुट कशाला तरी चिकटलाय.

एलएस घेतलेल्यांसाठी

एलएसमध्ये वरची जोडणी तशीच केली तर बटण न दाबताही दोन्ही इनपुटना १ च दिसणार, कारण टीटीएल आयसीच्या (एलएस याच घराण्यातला) इनपुटला ० करायचा तर त्यातून बाहेर येणारा करंट जमिनीला न्यावा लागतो आणि १० किलोओहमला ते झेपत नाही, पाय वरच तरंगतो. उपाय सोपा: उलटं करा. १० किलोओहम प्लसला, बटण मायनसला. आता सोडलेलं म्हणजे १ आणि दाबलेलं म्हणजे ०, दोन्ही इनपुट उलटे झाले. आणि गंमत बघा, आउटपुट आधीसारखाच राहतो! दोन्ही बटणं सोडली तर १, १ म्हणजे ०, दोन्ही दाबली तर ०, ० म्हणजे ०, एकच दाबलं तर १. दोन्ही इनपुट एकदम उलटवले तर एक्सऑरला फरक पडत नाही, फक्त एकच उलटवला तर आउटपुट उलटतो. एलएसचा आउटपुट १ असताना करंट फार देऊ शकत नाही, एलईडी मंद दिसला तर घाबरू नका.

सीडी४०७० दिला असेल तर

दुकानदार कधी कधी सीडी४०७० देतो, तोही चार एक्सऑरचाच आयसी आहे आणि त्याचा सप्लाय ३ व्होल्टपासून बारा-पंधरा पर्यंत चालतो. पण पायांची मांडणी वेगळी. त्यात १, २ इनपुट आणि ३ आउटपुट हे सारखंच, त्यामुळे पहिला गेट बरोबर चालतो आणि वाटतं सगळं ठीक आहे, पण त्याचा पाय ४ हा आउटपुट आहे आणि ५, ६ इनपुट. तसंच ८, ९ इनपुट आणि १० आउटपुट. आपण ८६ समजून ४ आणि १० मायनसला बांधलेत, म्हणजे दोन आउटपुट थेट जमिनीला, शिवाय ६ आणि ८ हे इनपुट मोकळे. आयसी गरम लागला तर आधी वरचा नंबर वाचा.

आता दुसरी नजर

हा भाग सावकाश वाचा. पाय २ ला आता डेटा म्हणू नका, त्याला कंट्रोल म्हणा. कंट्रोल ० ठेवला: पाय १ ला ० दिला तर आउटपुट ०, १ दिला तर १. जे आत आलं ते तसंच बाहेर, गेट म्हणजे नुसती वायर. कंट्रोल १ केला: ० दिला तर १, १ दिला तर ०. आता तोच गेट नॉट झाला. म्हणजे एका वायरने ठरवता येतं की सिग्नल सरळ जाऊ द्यायचा की उलटा करायचा.

डोळ्याने बघायचं असेल तर पाय १ चं बटण काढून तिथे साधारण सेकंदाला एकदा लुकलुकणारा ५५५ टायमर आयसी लावा, १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडने जवळपास तेवढीच फ्रिक्वेन्सी येते. ५५५ सीमॉसवाला घ्या, टीएलसी५५५ किंवा ७५५५, कारण साध्या एनई५५५ चा हाय सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट खाली राहतो आणि एचसीला तो १ वाटेलच याची खात्री नसते. पाय १ वर सुद्धा एक एलईडी लावा, १ किलोओहम घालूनच. कंट्रोल सोडलेला असताना दोन्ही एलईडी एकदम लुकलुकतात. कंट्रोल दाबून धरला की आळीपाळीने. एवढंच, पण एवढ्यावरच कितीतरी गोष्टी उभ्या आहेत.

साधा सेगमेंटवाला एलसीडी घ्या. एलसीडीला सतत डीसी दिला तर तो हळूहळू खराब होतो, त्याला एसी लागतो. मग मागच्या प्लेटला चौकोनी लहर देतात, आणि प्रत्येक सेगमेंटला तीच लहर एक्सऑरमधून. डेटा ० असेल तर दोन्हीकडे सारखीच लहर, फरक शून्य, सेगमेंट दिसत नाही. डेटा १ असेल तर उलटी लहर, दोघांमध्ये कायम फरक आणि तोही दर वेळी दिशा बदलणारा, सेगमेंट काळा दिसतो. एक गेट, आणि काम फत्ते.

गुप्त संदेशाचंही तेच. अक्षर ए म्हणजे आस्कीमध्ये (अक्षरांना आकडे देणारी पद्धत) ०१०००००१. किल्ली घेतली ००१०१०१०. एकेका बिटाचा एक्सऑर केला की ०११०१०११. त्यालाच परत त्याच किल्लीने एक्सऑर केलं की ०१०००००१, मूळ अक्षर हजर. किल्लीत जिथे १ आहे तिथे बिट उलटला, दुसऱ्यांदा परत उलटला म्हणजे सरळ झाला. एकच छोटी किल्ली परत परत वापरली तर ते सहज फोडता येतं, त्यामुळे खऱ्या कामाला असं उघडं वापरू नका, पण आजच्या बऱ्याच मोठ्या सायफरच्या पोटात हीच पायरी असते.

तीन इनपुट असले तर

इथे जवळजवळ सगळे फसतात. तीन इनपुटचा एक्सऑर म्हणजे "तिघांपैकी एकच १" असं वाटतं, पण तसं नाही. पहिले दोन एक्सऑर करायचे, आलेल्या उत्तराचा तिसऱ्याशी एक्सऑर. १, १, १ दिले: पहिल्या दोघांचे ०, मग ० आणि १ चा १. म्हणजे तिन्ही १ असतानाही आउटपुट १. नियम असा की १ ची संख्या विषम असेल तर १, सम असेल तर ०. जिन्यातल्या दिव्याला तिसऱ्या मजल्यावर अजून एक बटण वाढवलं तरी कुठलंही दाबलं की दिवा पलटतो, तेच हे. आपल्या आयसीवर करून बघा, पाय ३ वरून वायर पाय ४ ला, पाय ५ ला तिसरं बटण आणि त्याचा रेझिस्टर, एलईडी पाय ६ वर. ४ आणि ५ आधी मायनसला बांधलेत ते काढायला विसरू नका.

पॅरिटी, म्हणजे पाठवलेले बिट वाटेत बिघडले का ते तपासायची युक्ती, ती हीच. सात बिट पाठवायचे, १०११००१ समजा, त्यात १ चार आहेत, सगळ्यांचा एक्सऑर ०, तो आठवा बिट म्हणून जोडून पाठवला. पलीकडे आठही बिटांचा एक्सऑर ० आला तर ठीक, १ आला तर वाटेत कुठला तरी बिट उलटला. दोन बिट एकदम उलटले तर मात्र पत्ता लागत नाही. हेच एका चिपमध्ये पाहिजे असेल तर ७४२८० मिळतो, नऊ बिटांचा.

नुसत्या नॅंडने एक्सऑर

८६ मिळालाच नाही तर ७४एचसी०० घ्या, त्यात चार नॅंड (अँडचा उलटा, दोन्ही इनपुट १ असले तरच ०, नाहीतर १) आहेत आणि एक एक्सऑर करायला बरोबर चारच लागतात. पायांची मांडणी ८६ सारखीच. ए पाय १ आणि ४ ला. बी पाय २ आणि १० ला. पाय ३ वरून ५ आणि ९ ला. पाय ६ वरून १२ ला, पाय ८ वरून १३ ला. आउटपुट ११ वर.

एकदा सिग्नलच्या मागे चालत जा. ए १, बी ०. पहिल्या नॅंडला १ आणि ० मिळाले, देतो १. दुसऱ्याला ए चा १ आणि तो १, देतो ०. तिसऱ्याला बी चा ० आणि तो १, देतो १. शेवटच्याला ० आणि १, देतो १. बरोबर. आता दोन्ही १ करा. पहिला ० देतो, आणि तो ० दुसऱ्या-तिसऱ्या दोघांना जातो, त्यामुळे दोघंही १ देतात, शेवटी ०. म्हणजे पहिला नॅंड हाच "दोघंही एकदम आले" ते पकडणारा पहारेकरी आहे, चौथ्या ओळीचं सगळं काम त्याचं. उरलेल्या दोन ओळी स्वतः कागदावर करा, वाचून ते डोक्यात जात नाही.

एक बारीक गोष्ट अजून, ए आणि बी एकाच वेळी बदलले, ०१ चे १० झाले, तर आउटपुट १ चा १ च राहायला पाहिजे, पण दोन्ही सिग्नल काही नॅनोसेकंद मागेपुढे पोचतात आणि मध्ये क्षणभर ० चा टोकदार ठिपका येतो. एलईडीवर दिसणार नाही, पण तोच आउटपुट काउंटरच्या क्लॉकला दिलात तर काउंटर ते मोजेल.

बेरीज आणि वजाबाकी

० + ० = ०, ० + १ = १, १ + ० = १, १ + १ = १०. शेवटचा आकडा बघा, ०, १, १, ०. एक्सऑरचं टेबल! हातचा फक्त १ + १ ला, ते अँडचं टेबल. ७४एचसी०८ शेजारी बसवा, सप्लाय आणि पाय ८६ सारखेच, पाय १ आणि २ दोन्ही आयसींचे एकमेकांना जोडा, ८६ चा पाय ३ म्हणजे बेरीज, ०८ चा पाय ३ म्हणजे हातचा. झाला हाफ ॲडर. मागचा हातचा पण घ्यायचा असेल तर दोन एक्सऑर, दोन अँड, एक ऑर, तो फुल ॲडर. एलएसवाल्यांनो, उलट्या बटणांची मोकळीक इथे नाही, एक्सऑरला फरक पडला नाही तरी अँडला पडतो, म्हणजे हाफ ॲडरमध्ये सोडलेलं बटणच १ धरून वाचावं लागेल.

आणि आता कंट्रोलवाली नजर परत कामाला येते. चार बिटांचा तयार ॲडर ७४एचसी२८३ घ्या. जुना ७४८३ मिळाला तर सांभाळा, त्याचा प्लस पाय ५ ला आणि मायनस पाय १२ ला आहे, कोपऱ्यात नाही. बी चे चारही बिट थेट न देता ८६ च्या चार गेटमधून द्या, चारही गेटचा दुसरा इनपुट एकाच वायरला बांधा, तिला एम म्हणू, आणि तीच वायर ॲडरच्या कॅरी-इन पायाला. एम ० असला तर बी सरळ जातो, बेरीज. एम १ केला तर बी चे सगळे बिट उलटतात आणि कॅरी-इनने वर १ मिळतो, हेच टूज कॉम्प्लिमेंट (बायनरीत ऋण संख्या लिहायची पद्धत), म्हणजे वजाबाकी. चार गेटचा एक आयसी, चार बिट, काहीच वाया जात नाही.

तपासायला ५ वजा ३ लावा. ए ०१०१, बी ००११, एम १. बी उलटून ११००, ०१०१ + ११०० + १ = १००१०, चार एलईडींवर ००१०, म्हणजे २, आणि कॅरी-आउट १. मग ३ वजा ५ लावा. ००११ + १०१० + १ = १११०, कॅरी-आउट ०. कॅरी-आउट ० आला म्हणजे उत्तर ऋण आहे, आणि १११० हे टूज कॉम्प्लिमेंटमध्ये वजा २ आहे. दुसरं उत्तर चुकून ११०१ दिसत असेल तर एमची वायर कॅरी-इनला पोचलेली नाही.